वाङ्मयचौर्य (पीएच.डी. प्रबंधांतील)

दुसऱ्याचा मजकूर, कल्पना किंवा आकडेवारी श्रेय न देता स्वतःच्या प्रबंधात वापरणे म्हणजे वाङ्मयचौर्य. स्वतःचा जुना लेख उल्लेखाविना पुन्हा वापरणेही यातच मोडते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत इतरांच्या मजकुराशी असलेल्या साम्याच्या टक्केवारीनुसार शिक्षा ठरते. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर तो सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, श्रेय दिलेली अवतरणे आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे सामान्य साम्य मोजणीतून वगळतात. पदवी दिल्यानंतर चोरी सिद्ध झाली तर पदवी स्थगित ठेवली जाते.

हे साम्य मोजणारी संगणकप्रणाली फक्त मजकुराचे साम्य दाखवते. चोरी झाली की नाही, हे माणसानेच वाचून ठरवायचे असते. प्रत्यक्षात मात्र ‘रिपोर्ट दहाच्या आत’ आला की तपासणी संपली असे धरले जाते. मराठी प्रबंधांत तर हा अहवाल फारच अपुरा ठरतो. मराठीतील बहुतेक ग्रंथ, मासिके आणि जुने प्रबंध प्रणालीच्या साठ्यात नाहीत, त्यामुळे छापील पुस्तकातून उतरवलेली पाने सुटतात. इंग्रजी लेखाचे भाषांतरही सहसा पकडले जात नाही. युनिकोड या प्रमाणित अक्षरसंकेताऐवजी श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर प्रणालीला निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो, मग साम्य शून्याजवळ येते. म्हणून तपासणीला युनिकोड प्रतच घ्यावी. पान प्रतिमारूपात असेल तर परत करावे.

पैसे देऊन लिहून घेतलेला प्रबंध याहून घातक. त्यातील वाक्ये नवी असल्याने अहवाल स्वच्छ येतो. प्रबंध चौर्यमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मार्गदर्शकाने द्यायचे असते, पण प्राध्यापकाकडे एका वेळी आठपर्यंत पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात आणि प्रकरणे वेळच्या वेळी वाचली गेली नाहीत तर ती सही नावापुरती उरते. भरलेल्या प्रश्नावल्या, क्षेत्रभेटींच्या नोंदी, मूळ आकडेवारी आणि प्रत्येक प्रकरणाचे जुने मसुदे मौखिक परीक्षेआधी मागितले, की बनावट काम लवकर उघडे पडते. हे न केल्यास तोच प्रबंध ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जातो आणि पुढचे विद्यार्थी त्यातील खोटे आकडे आधार म्हणून उद्धृत करतात.