फ्रिटोज आणि चार्ल्स डूलिन : विकत घेतलेल्या पाककृतीची पार्श्वभूमी

चार्ल्स एल्मर डूलिन यांचा उल्लेख अमेरिकेत बहुधा ‘फ्रिटोजचे जनक’ असा केला जातो. मक्याच्या तळलेल्या, खारट, किंचित वळलेल्या पट्ट्यांचा हा खाऊ त्यांच्याच कंपनीमुळे देशभर पोहोचला, याबद्दल दुमत नाही. मात्र मूळ पाककृती डूलिन यांची नव्हती. ती त्यांनी १०० डॉलरना विकत घेतली होती. त्यांना शोधकर्ता म्हणावे की कारखानदार, हा प्रश्न या व्यवहारामुळे उभा राहतो आणि त्यांच्या आयुष्याकडे पाहताना तो टाळता येत नाही.

हा व्यवहार १९३२ साली टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहरात झाला. महामंदीचा तो ऐन काळ होता. डूलिन कुटुंबाचा मिठाई आणि आइस्क्रीमचा व्यवसाय होता. परंतु विक्रेत्यांनी एकमेकांच्या वरताण भाव पाडण्याची स्पर्धा लावल्यामुळे आइस्क्रीममध्ये फारसे काही सुटत नव्हते. दुकानात ठेवता येईल, लवकर नासणार नाही आणि स्वस्तात विकता येईल अशा एखाद्या खारट पदार्थाच्या शोधात डूलिन होते. मक्याच्या टॉर्टिया भाकरीवर त्यांनी प्रयोग करून पाहिले होते, पण ती फार लवकर शिळी होत असे. अशातच गुस्तावो ओल्गीन या मेक्सिकन गृहस्थाने तयार केलेला तळलेल्या मक्याचा खाऊ त्यांच्या पाहण्यात आला. ओल्गीन यांना मायदेशी परतायचे होते आणि त्यासाठी ते व्यवसाय विकण्यास तयार होते. १०० डॉलरच्या मोबदल्यात डूलिन यांना पाककृती, माल घेणारी १९ गिऱ्हाइके आणि उकडलेले बटाटे दाबून काढण्याच्या हत्यारात फेरफार करून बनवलेला एक साचा, एवढे मिळाले. आपल्याकडील शेवेच्या सोऱ्यात पीठ दाबावे, तसे मक्याचे पीठ त्या साच्यातून दाबून पट्ट्या थेट कढईत सोडल्या जात. डूलिन यांच्याजवळ एवढी रोख रक्कम नव्हती. तेव्हा त्यांच्या आईने, डेझी डीन यांनी, लग्नातील अंगठी गहाण ठेवली, असे कुटुंबात सांगितले जाते.

ओल्गीन यांनी विकलेली पाककृती तरी सर्वस्वी त्यांची होती का? मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, तसाच भिजत ठेवून, नंतर धुऊन वाटण्याची पद्धत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत हजारो वर्षे चालत आलेली आहे. चुन्यामुळे दाण्यावरचे टरफल सुटते आणि पीठ एकमेकांना धरून राहते. साध्या मक्याच्या पिठाला असा चिवटपणा येत नाही. त्याचबरोबर दाण्यात बंदिस्त असलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. ही प्रक्रिया न करता निव्वळ मक्यावर राहणाऱ्या, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील गरिबांमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नायसिनच्या अभावी होणारा पेलाग्रा हा रोग मोठ्या प्रमाणावर पसरला होता, यावरून त्या जुन्या पद्धतीची किंमत कळते. फ्रिटोजचे मूळ पीठ याच परंपरेतले होते. घटकांच्या दृष्टीने पाहिले तर त्यात मका, मक्याचे तेल आणि मीठ याखेरीज काही नाही.

असे असले तरी डूलिन यांचे श्रेय केवळ पैसे मोजण्यापुरते नव्हते. आईच्या स्वयंपाकघरात सुरू झालेल्या या धंद्यात सुरुवातीला तासाला जेमतेम दहा पौंड माल निघत असे आणि तो पाच सेंटच्या पिशव्यांतून विकला जाई. आईवडील आणि भाऊ हाताशी होते. डूलिन स्वतः मोटार घेऊन दुकाने पालथी घालत. लवकरच त्यांनी डॅलस येथे बस्तान हलवले. तिथे हाताने दाबण्याच्या साच्याची जागा यंत्रांनी घेतली, तयार माल वाहून नेण्यासाठी फिरते पट्टे आले आणि आपल्या खाऊला हवा तसा मका मिळावा म्हणून संकरित वाणांवरही प्रयोग झाले. पट्टी प्रत्येक वेळी सारखीच कुरकुरीत झाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, आणि मक्यासारख्या हंगामागणिक बदलणाऱ्या धान्याच्या बाबतीत तो पुरा करणे सोपे नसते. माझ्या मते डूलिन यांचा खरा शोध इथे आहे. पदार्थ जुनाच राहिला, नवी होती ती त्याच्या उत्पादनाची रीत.

आणखी एक गोष्ट त्यांनी हेरली होती. फ्रिटोज हा नुसता तोंडात टाकायचा खाऊ न राहता स्वयंपाकातला जिन्नस व्हावा, असे त्यांना वाटे. डेझी डीन यांनी त्यासाठी अनेक पाककृती तयार केल्या आणि कंपनीने त्यांचा प्रचार केला. फ्रिटोजवर तिखट मांसाचा रस्सा आणि चीज घालून होणारी ‘फ्रिटो पाय’ टेक्सासमध्ये आजही खाल्ली जाते. तिच्या जन्मस्थानावर शेजारचे न्यू मेक्सिको राज्यही हक्क सांगते. गंमत अशी, की स्वतः डूलिन बव्हंशी शाकाहारी होते आणि आहाराच्या बाबतीत कमालीचे काटेकोर होते. आपला माल लोकांनी जेवणासोबत थोडासा घ्यावा, अशी त्यांची कल्पना होती.

१९४५ साली त्यांनी अटलांटा येथील हर्मन ले यांच्या कंपनीला आग्नेय अमेरिकेत फ्रिटोज बनवण्याचे आणि विकण्याचे हक्क दिले. ले यांनीही बटाट्याच्या वेफर्सच्या विक्रीला १९३२ सालीच आरंभ केला होता. १९४८ मध्ये डूलिन यांच्या कंपनीतून चीटोज हा मक्याचा फुगवलेला, चीज लावलेला खाऊ बाहेर पडला. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नीलँड सुरू झाले, तेव्हा तिथे ‘कासा दे फ्रिटोस’ नावाचे उपाहारगृहही उघडण्यात आले. उरलेल्या टॉर्टिया तळून देण्याची प्रथा तिथेच पडली आणि तीतूनच पुढे डोरिटोज हे टॉर्टियाचे वेफर्स जन्माला आले. ते १९६६ साली देशभर विक्रीस आले; पण तोवर डूलिन हयात नव्हते. १९५९ मध्ये, साठीही गाठण्याआधी, त्यांचे निधन झाले होते.

त्यांच्यामागे १९६१ साली दोन्ही कंपन्या एकत्र येऊन फ्रिटो-ले स्थापन झाली आणि १९६५ मध्ये पेप्सी-कोलाशी विलीनीकरण होऊन पेप्सिको उभी राहिली. १९६७ साली या नव्या व्यवस्थापनाने जाहिरातींसाठी ‘फ्रिटो बँडिटो’ हे पात्र आणले. मोठी टोपी, मिशा, कमरेला पिस्तुले आणि तोडकेमोडके इंग्रजी बोलत लोकांचे फ्रिटोज लुबाडणारा हा मेक्सिकन दरोडेखोर होता. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन नागरिकांच्या संघटनांनी तीव्र निषेध नोंदवल्यावर १९७१ मध्ये हे पात्र मागे घेण्यात आले. एका मेक्सिकन माणसाकडून रीतसर पैसे मोजून घेतलेल्या पदार्थाच्या जाहिरातीत मेक्सिकन माणसालाच चोर ठरवावे, हा प्रकार जाहिरात करणाऱ्यांच्या लक्षात आला नसेल, तर त्यांना कंपनीचा आरंभच ठाऊक नव्हता असे म्हणावे लागेल.

भारतात या घराण्याची ओळख फ्रिटोजमुळे झाली नाही. पेप्सिकोने १९९९ साली इथे आणलेले कुरकुरे हे चीटोजप्रमाणेच भरड उष्णता आणि दाबाखाली यंत्रातून ढकलून फुलवण्याच्या तंत्राने बनते. अमेरिकेत हे तंत्र १९३० च्या दशकात विस्कॉन्सिन राज्यातील पशुखाद्याच्या एका कारखान्यात निव्वळ योगायोगाने हाती लागले होते. भारतीय जिभेसाठी त्यात मक्याबरोबर तांदूळ आणि हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आले, चीजची जागा मसाल्याने घेतली, आणि पुण्याजवळच्या रांजणगाव औद्योगिक वसाहतीत कंपनीचा कारखानाही उभा राहिला.