व्हॉल्व्ह प्रीअ‍ॅम्प्लिफायर, घरगुती बांधणीचा

रेकॉर्ड प्लेयरच्या पिकअपमधून येणारा क्षीण संकेत मुख्य अ‍ॅम्प्लिफायरला पुरेल इतका मोठा करणारे, निर्वात नलिकांवर म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारे आणि हौशी माणसाने सुटे भाग जोडून स्वतः तयार केलेले उपकरण. ट्रान्झिस्टर आल्यावर व्हॉल्व्ह रोजच्या वापरातून गेले, तरी ध्वनिप्रेमींमध्ये ही बांधणी टिकून आहे. कारण भाग मोजके असतात आणि प्रत्येकाचे काम उघड दिसते.

अशा मंडलात (सर्किटमध्ये) बहुधा १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह असतो; युरोपात तो ईसीसी८३ या नावाने ओळखला जातो. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे तापलेला कॅथोड, संकेत घेणारा ग्रिड आणि प्रवाह गोळा करणारी प्लेट अशा तीन अग्रांच्या नलिका, असून प्रत्येकाचा वर्धनांक, म्हणजे संकेत जास्तीत जास्त किती पट होऊ शकतो तो आकडा, १०० असतो. २५० व्होल्टचा पुरवठा, प्लेटला १०० किलोओहम आणि कॅथोडला (संकेताला बाजूने वाट देणाऱ्या) बायपास कपॅसिटरसह १.५ किलोओहमचा रेझिस्टर दिल्यास प्रत्यक्षात सुमारे ६० पट वर्धन मिळते. पिकअपचा संकेत जेमतेम ५ मिलिव्होल्टचा असतो, म्हणून एकामागोमाग दोन टप्पे लागतात. रेकॉर्डवर खालचे स्वर दाबून आणि वरचे उचलून कोरलेले असल्याने ते पूर्ववत करणारे, ३,१८०, ३१८ व ७५ मायक्रोसेकंद या कालांकांचे (टाइम कॉन्स्टंटचे) रेझिस्टर-कपॅसिटरचे जाळेही याच मंडलात बसवावे लागते. या जाळ्यामुळे ५० हर्ट्झचे वर्धन १,००० हर्ट्झच्या सुमारे सातपट होते, आणि घरातल्या विजेची वारंवारता नेमकी तीच असल्याने तिची गुणगुणही तितकीच वाढते. त्यामुळे अशा प्रीअ‍ॅम्प्लिफायरचा कस व्हॉल्व्हच्या छापापेक्षा वीजपुरवठ्यात जास्त लागतो. महागड्या जुन्या व्हॉल्व्हवर खर्च करणारे पुष्कळ जण हे विसरतात.

उच्च दाबाच्या (व्होल्टेजच्या) पुरवठ्यासाठी २५० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे पूर्ण तरंगाचे दिष्टकरण केले, म्हणजे प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह एकदिश (डीसी) केला, की पहिल्या ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर सुमारे ३५० व्होल्ट येतात. स्टिरिओच्या डाव्या-उजव्या अशा दोन्ही वाहिन्यांचे चार ट्रायोड मिळून साधारण ४ मिलिअँपिअर ओढतात, आणि तेवढ्यावर तिथे १ व्होल्टच्या आसपास लहर, म्हणजे दाबातला चढउतार, उरते. पुढे १० किलोओहम व ४७ मायक्रोफॅरड यांची एक पायरी लावल्यास ती ३ ते ४ मिलिव्होल्टवर येते. १५ किलोओहमची दुसरी पायरी तिला काही मायक्रोव्होल्टपर्यंत खाली आणते, आणि दाबही २५० व्होल्टवर स्थिरावतो. व्हॉल्व्ह तापेपर्यंत मात्र प्रवाह जवळजवळ वाहत नसल्याने सगळीकडे पूर्ण ३५० व्होल्ट उभे राहतात, म्हणून गाळणीचे कपॅसिटर ४५० व्होल्टचे आणि टप्पे जोडणारे ६३० व्होल्टचे घ्यावेत.

कॅथोड तापवणाऱ्या हीटरचा पुरवठा वेगळा असतो. १२.६ व्होल्टवर प्रत्येक व्हॉल्व्ह १५० मिलिअँपिअर घेतो. हीटरला थेट प्रत्यावर्ती प्रवाह दिल्यास त्याची गुणगुण कॅथोडमध्ये शिरते. म्हणून फोनो, म्हणजे पिकअपचा संकेत घेणाऱ्या, टप्प्याला नियंत्रित एकदिश प्रवाह देणे हितावह.

कपॅसिटर, रेझिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. हव्या त्या दाबांचा ट्रान्सफॉर्मर मात्र बहुधा वाइंडिंग करून घ्यावा लागतो. तो व्हॉल्व्हपासून दूर, शक्यतो वेगळ्या लोखंडी पेटीत ठेवतात. प्रत्येक टप्प्याच्या जमिनीच्या (ग्राउंडच्या) तारा एकाच बिंदूवर आणतात, आणि धातूचा सांगाडा तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंगला पक्का जोडतात.

हे दाब जीवघेणे आहेत. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. पहिल्यावर २२० किलोओहमचा, २ वॉटचा निचरा रेझिस्टर असला तरी ते रिकामे व्हायला मिनिटाहून अधिक लागते. मल्टिमीटरने दाब उतरल्याची खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये.

प्रथम चालू केल्यावर संगीत लावण्याआधी प्लेटवर सुमारे १५० आणि कॅथोडवर १.५ व्होल्ट आहेत का, हे पाहतात. कॅथोडवर काहीच दाब नसेल, तर त्या ट्रायोडमधून प्रवाह वाहत नाही असे समजावे. दुसऱ्या टप्प्याच्या ग्रिडवर धन दाब दिसला, तर जोडणारा कपॅसिटर गळका असण्याची शक्यता सर्वांत मोठी.