किनारी द्विपुट मृदुकायांची विविधता

मृदुकाय संघातील दोन झडपांच्या शिंपल्यात राहणाऱ्या प्राण्यांचा वर्ग म्हणजे द्विपुट किंवा बायव्हाल्व्हिया. कालवे, शिणाणे, तिसऱ्या, स्कॅलप आणि लाकूड पोखरणारी जहाजकृमी ही सारी याच वर्गातली. हयात जाती सुमारे ९,००० असून बहुतेक सागरी आहेत. या प्राण्यांना डोके नसते आणि गोगलगाईसारखी खरवडणारी जीभही नसते. बहुतेक जाती कल्ल्यांनी पाणी गाळून अन्न मिळवतात. एवढ्या साध्या घडणीत इतके प्रकार झाले ते मुख्यतः तळामुळे: खडक, वाळू की चिखल, आणि दिवसातून किती तास पाण्याबाहेर.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकावर शिणाणे धाग्यांनी धरून राहतात, तर कालवे सहसा डावी झडप खडकाला चिकटवून टाकतात. वरची हद्द ऊन आणि कोरडेपणा ठरवतात, खालची बहुधा शिकारी. अमेरिकेच्या वॉशिंग्टन किनाऱ्यावर परिस्थितीविज्ञानाचे अभ्यासक रॉबर्ट पेन यांनी खडकाच्या एका पट्ट्यातून शिणाणे खाणारे तारामासे काढून टाकले, तेव्हा शिणाण्यांनी जागा बळकावली आणि इतर जाती हटल्या (१९६६). मात्र शिणाण्यांच्या दाट थरात धाग्यांच्या बेचक्यांत लासीयासारखे दोन-तीन मिलिमीटरचे द्विपुट सुखाने राहतात. वरवर पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत.

वाळू-चिखलातले राहणीमान रिकाम्या झडपेवरूनही वाचता येते. झडप उजेडात तिरकी धरली की आतल्या बाजूला कडेला समांतर एक फिकट रेघ दिसते. मागच्या टोकाशी ती आत वळून खोल खाच करत असेल, तर त्या प्राण्याच्या पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्या लांब होत्या आणि तो खोल पुरलेला होता. रेघ न वळता सरळ गेली असेल, तर तो पृष्ठभागाजवळचा किंवा चिकटून राहणारा. टेलिना गटातले शिंपले आडवे पडून लांब नळीने तळावरचा गाळ ओढतात. डोनॅक्सच्या काही जाती लाटेबरोबर वाळूत वर-खाली सरकत राहतात. समुद्री गवताखालच्या सल्फाइडयुक्त चिखलात लुसिनिडी कुळातले द्विपुट कल्ल्यांतील जीवाणूंच्या जोरावर जगतात.

ओहोटीखाली कोरडे पडण्याची धास्ती नाही, म्हणून रूपे आणखी वाढतात: झडपा फडफडवून पोहणारे स्कॅलप, टोकावर उभे रोवलेले पिना, एक मीटरहून मोठा होणारा ट्रायडॅक्ना. पण जातींची खरी गर्दी सेंटिमीटरहून लहान शिंपल्यांत असते. त्यांतले कित्येक कोळंबीसारख्या प्राण्यांच्या बिळांत किंवा समुद्री साळूंच्या अंगावर भाडेकरू असतात. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरील कूमाक येथे सुमारे २९५ चौ. किमी. परिसरात मृदुकायांच्या २,७३८ जाती मिळाल्या (२००२). यांत द्विपुटांखेरीज इतर मृदुकायही आहेत. सुमारे पाचव्या हिश्श्याच्या जातींचा एकेकच नमुना सापडला होता. नमुने थोडे घेतले तर काय निसटते, ते यावरून कळते.

मोजणी अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला करतात. अर्धा मीटर बाजूची चौकट टाकून २० ते ३० सेंमी. खोल खणतात आणि १ मिमी. चाळणीतून धुतात. पिल्ले आणि बारीक जाती हव्या असतील तर ०.५ मिमी. चाळणी लागते. ओहोटीखाली ०.१ चौ. मी.चा जबडा-नमुनक (जबड्यासारखा मिटून तळाचा घास घेणारे उपकरण) वापरला तर टणक वाळूत तो उथळच चावतो आणि खोल पुरणारे मागे राहतात. खडकासाठी पाणबुड्याने खरवडण्याला पर्याय नाही.

सर्वांत जास्त घोळ मेलेल्या शिंपल्यांनी होतो. ते लाटांनी दुसरीकडून वाहत आलेले असू शकतात, त्यामुळे जिवंत व रिकामे यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. सुट्या झडपा मोजताना डाव्या आणि उजव्या वेगळ्या करून जी संख्या मोठी असेल ती धरावी, म्हणजे एक प्राणी दोनदा मोजला जात नाही. नमुने टिकवण्यासाठी वापरतात त्या साध्या फॉर्मॅलिनचे आम्ल शिंपला खाते. बोरॅक्स टाकून ते निर्धोक करता येते, पण डीएनए तपासायचा असेल तर ९५ टक्के अल्कोहोलच हवे.

कालवांच्या बाबतीत नुसत्या आकारावर जात ठरवणे धोक्याचे आहे. एकच जात सपाट खडकावर पसरट आणि गर्दीत लांबुडकी वाढते. डीएनए पाहतानाही एक खोच आहे. शिणाण्यांसारख्या काही गटांत नरांना मायटोकाँड्रिया (पेशीतले, स्वतःचा डीएनए असलेले ऊर्जाघटक) आई आणि वडील दोघांकडून मिळतात, आणि वडिलांकडचा प्रकार मुख्यतः नरजननग्रंथीत असतो. तिथला तुकडा घेतला तर एकाच जातीच्या दोन जाती दिसू लागतात. म्हणून ऊती पायाच्या किंवा झडपा मिटणाऱ्या स्नायूच्या घ्याव्यात.