आधी बैठक, मग खेळणं

घरात सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेलं मूल असलं की येणारा-जाणारा हमखास विचारतो, त्याच्यासाठी कुठलं खेळणं आणू? माझी भाची कळव्याला राहते, तिच्यासाठी मलाही लोक विचारतात आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, आधी ती बसते कशी ते बघा. कंबर आणि पाठ डळमळीत असली की मूल दोन्ही हातांनी स्वतःला सावरण्यातच गुंतलेलं असतं, मग पुढ्यात हजाराचं खेळणं ठेवा नाहीतर पन्नासचं, हातच मोकळे नाहीत तर खेळणार कशाने? बोटांनी बारीक काम करायचं तर खांदा स्थिर लागतो, खांद्यासाठी धड आणि धडासाठी कंबर. म्हणून थेरपिस्ट सांगतात की कंबर, गुडघे आणि घोटे साधारण ९० अंशात हवेत आणि तळवे पूर्ण टेकलेले हवेत, पाय लोंबकळत नकोत. भाचीच्या पायाखाली नुसता लाकडी पाट सरकवला तर टेबलाची कड घट्ट धरून बसलेला तिचा उजवा हात सुटून पुढे आला, हे मी समोर बसून बघितलंय.

आता अशी मापाची खुर्ची विकत घ्यायची तर महाग पडते आणि मूल वाढतं तशी लहानही होते. पण ती पुठ्ठ्याची करता येते. झिम्बाब्वेत सुरू झालेलं हे तंत्र आज बऱ्याच देशांत वापरतात. वाशीच्या एपीएमसी फळबाजारातून सफरचंदाचे जाड खोके आणायचे, मापाने कापायचे आणि थरावर थर चिकटवायचे. पुठ्ठ्याच्या पोटात नागमोडी कागदाच्या नळ्या असतात, नळ्यांच्या रेषेवर तो पटकन दुमडतो पण आडवा दुमडायला गेलं की जोर लागतो, म्हणून एक थर उभ्या नळ्यांचा आणि पुढचा आडव्या नळ्यांचा असं करत गेलं की कुठल्याच बाजूने वाकत नाही, प्लायवूडचं पण हेच गणित आहे. आपल्याकडे पावसाळ्यात गोंद लवकर सुकत नाही आणि पुठ्ठा ओलावा धरतो त्यामुळे हे काम दिवाळीनंतर काढलेलं बरं, नीट सुकलं की शिसं नसलेल्या ऑइलपेंटचे दोन हात मारायचे. आणि मुलाला बसवायच्या आधी मोठ्या माणसाने त्यावर वजन टाकून बघायचंच, इथे घाई नको.

बैठक जमली की खेळणं. माझ्या मते इथे पैसे लागतात त्यापेक्षा डोकं जास्त लागतं. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, साधारण तीन महिन्यांच्या बाळाच्या घोट्याला रिबन बांधायची आणि तिचं दुसरं टोक पाळण्यावरच्या खेळण्याला, बाळाने पाय झाडला की खेळणं हलतं. थोड्याच वेळात बाळं आधीपेक्षा कितीतरी जास्त पाय झाडायला लागली. मी केलं म्हणून झालं, हे इतक्या लहानपणी कळतं! आणि ज्या मुलाचा हात त्याचं ऐकत नाही त्याला हाच अनुभव सगळ्यात कमी मिळतो, खेळणं दुसरंच कोणीतरी चालू करतं आणि मूल नुसतं बघत राहतं.

यावर उपाय सोपा आहे. ठाण्यात जांभळी नाक्याला भुंकत चालणारा सेलवरचा कुत्रा मिळतो, तो घ्या. तांब्याच्या पातळ पत्र्याचे नाण्याएवढे दोन तुकडे, मधे प्लास्टिकचा कागद, दोन्ही तुकड्यांना एकेक वायर, असं सँडविच करून सेल आणि खेळण्यातल्या पत्र्याच्या टोकामधे सरकवायचं. कुत्र्याचं बटण ऑन असलं तरी करंट तिथे अडतो. वायरींची दुसरी टोकं आपण केलेल्या मोठ्या बटणाला जोडायची, दोन जाड पुठ्ठे, आतल्या बाजूंना ॲल्युमिनियम फॉइल, मधे भोक पाडलेला स्पंज. वरून दाबलं की भोकातून फॉइलला फॉइल टेकते, सर्किट पुरं होतं आणि कुत्रा चालायला लागतो. तळहाताएवढं बटण असल्यामुळे नेम चुकला, मूठ पडली, कोपर लागलं तरी चालतं. मात्र खेळणं असं निवडा की बटण ऑन ठेवून सेल घातल्या घातल्या सुरू होईल, ज्याचा पंजा दाबल्यावर आवाज येतो त्याला ही युक्ती चालत नाही, तिथे आतल्या बटणाला वायर सोल्डर करावी लागते.

हे सगळं फक्त सेलच्या खेळण्यावर, घरच्या लाईटवर कधीही नाही. आणि गोल बटण-सेलवाली खेळणी नकोतच, तो सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. आणखी एक, मुलाला हात उचलायला वेळ लागतो, मनातल्या मनात सावकाश दहा आकडे मोजा आणि तोवर गप्प राहा, आपण मधेच "दाब ना बाळा, दाब" करत राहिलो की त्याचं सगळं लक्ष आपल्याकडे जातं.

जेवणाचं थोडक्यात सांगते. चमच्याच्या दांड्यावर एसीच्या पाइपवरची काळी फोमची नळी चढवली की बोटं पूर्ण मिटावी लागत नाहीत, कमी जोरात पकड बसते, धुताना फक्त ती काढायची. ताटाखाली ड्रॉवरमधे अंथरतात ती रबरी जाळी घाला, घर्षणामुळे ताट सरकत नाही. प्लास्टिकच्या ग्लासची नाकाकडची कड अर्धगोल कापून घासून घेतली की मान मागे टाकायची गरज पडत नाही, मान मागे गेली की पाणी श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो म्हणून हे महत्त्वाचं. पण पिताना ठसका लागत असेल तर घरगुती प्रयोग थांबवा आणि आधी थेरपिस्टला दाखवा. नवी मुंबईकरांना त्यासाठी वाशीत महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे.

आणि बोलणं. चित्रं दाखवून सांगायची सवय लागली तर मूल बोलणारच नाही ही भीती आमच्या घरात पण होती. २००६ मध्ये याच विषयावरच्या आधीच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला, त्यातल्या नीट तपासता येतील अशा २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. आयआयटी मुंबईने केलेलं जेलो नावाचं ॲप यासाठीच आहे, ते मराठीतही चालतं, पण मोबाईल नको असेल तर फोटो काढून लॅमिनेट करून पाटीवर चिकटवले तरी काम होतं. बहुतेक घरांत त्या पाटीवर आधी पाणी, शी, भूक येतं कारण आपल्याला तेच विचारायचं असतं. तुम्ही "नको" आणि "अजून" ही दोन चित्रं पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि मुलाने "नको" दाखवलं की चमचा खरंच बाजूला ठेवा.