जुन्या फोनमध्ये जुनं काय असतं?

फोनला तीन-चार वर्षं झाली की तो ‘स्लो’ झाल्याची कुरकुर सुरू होते, आणि दोष बहुतेक वेळा प्रोसेसरच्या माथी मारला जातो. खरं तर वयाचा परिणाम सगळ्यात कमी होतो तो प्रोसेसरवरच. चिपमधले ट्रान्झिस्टरही वापराने झिजतात, पण त्या झिजेला पुरेल एवढी मोकळीक ठेवूनच चिप बनवलेली असते. पहिल्या दिवशी प्रोसेसर सेकंदाला जेवढी आकडेमोड करत होता, जवळजवळ तेवढीच तो पाचव्या वर्षीही करू शकतो. फक्त त्याला तेवढी वीज मिळायला हवी, आणि तिथेच घोडं अडतं.

ही वीज देणारी, फोनमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने पहिल्यांदा बाजारात आणली. तिचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळवणारे ते पहिलेच. त्यांच्या बॅटरीला मात्र एवढं दीर्घायुष्य लाभलेलं नाही, आणि का लाभलेलं नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असतं, दुसऱ्या बाजूला कोबाल्टसारख्या धातूचं ऑक्साइड, आणि मध्ये इलेक्ट्रोलाइट नावाचा द्रव. चार्जिंग करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, ऑक्साइडमधून निघून ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. फोन वापरताना ते परत फिरतात. ही ये-जा विनातक्रार चालली असती तर बॅटरी कधी म्हातारीच झाली नसती. पण लिथियमने भरलेल्या ग्राफाइटला टेकलेला इलेक्ट्रोलाइट टिकत नाही. त्याचं विघटन होतं आणि ग्राफाइटवर नॅनोमीटरमध्ये मोजावा लागेल इतका पातळ थर साचतो. हे पहिल्याच चार्जिंगमध्ये, कारखान्यातच घडतं. हा थर जखमेवरच्या खपलीसारखा असतो. तो धरला की ग्राफाइट आणि इलेक्ट्रोलाइट यांचा थेट संपर्क तुटतो आणि पुढचं विघटन खूपच मंदावतं. हा थर नसता तर ही बॅटरी चाललीच नसती.

गोची पुढे आहे. लिथियम आत घेताना ग्राफाइट सुमारे १० टक्के फुगतं आणि सोडताना आकसतं. या रोजच्या ताणाने थराला तडे जातात, तड्यांच्या जागी नवा थर धरतो आणि प्रत्येक नव्या थरात थोडं लिथियम कायमचं अडकून पडतं. पलीकडच्या ऑक्साइडच्या कणांनाही अशाच भेगा पडतात. सेटिंगमध्ये ‘बॅटरी हेल्थ ८५ टक्के’ असं दिसतं तेव्हा बेपत्ता झालेल्या क्षमतेचा मोठा वाटा या थरात गाडला गेलेला असतो. ते लिथियम बॅटरीतच आहे, फक्त फोनच्या कामाचं उरलेलं नाही.

हा थर फोन न वापरताही हळूहळू वाढत राहतो, आणि त्याला दोन गोष्टी खतपाणी घालतात: उष्णता आणि पूर्ण चार्ज. तापमान वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. दर १० अंशांना तो साधारण दुप्पट होतो असा एक ढोबळ नियम आहे. आणि बॅटरी १०० टक्क्यांना असते तेव्हा तिचं व्होल्टेज सर्वाधिक असतं, त्यामुळे इलेक्ट्रोलाइटचं विघटन दोन्ही टोकांना जोर धरतं. म्हणून सगळ्यात वाईट जोडी म्हणजे पूर्ण भरलेला आणि तापलेला फोन: उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागचा, किंवा उशीखाली रात्रभर चार्जिंगला लावलेला. रात्रभर चार्जिंगने बॅटरी ‘ओव्हरचार्ज’ होते हा समज मात्र सोडून द्यायला हरकत नाही. भरल्यावर प्रवाह थांबवायचं काम फोनमधलं सर्किट चोख करतं. नुकसान होतं ते पुढचे पाच-सहा तास बॅटरी त्या उंच व्होल्टेजला ताटकळत राहिल्यामुळे. फोनमधलं ‘८० टक्क्यांवर थांब’ किंवा ‘पहाटे पूर्ण कर’ हे सेटिंग त्यासाठीच असतं.

बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियमच्या बाबतीत तो उलटा पडतो, कारण लहान लहान टप्प्यांत चार्ज केलेलंच तिला मानवतं. ५० टक्के खर्च करून दोनदा भरली तर तेही चार्जिंगचं एकच आवर्तन (सायकल) धरलं जातं. फास्ट चार्जिंगचा बाऊ करायचंही कारण नाही. बॅटरी रिकामी असताना चार्जर जोरात भरतो आणि भरत आली की आपोआप हात आखडता घेतो. त्यातून येणारी उष्णता साचू दिली नाही म्हणजे झालं. अतिथंडीत चार्ज करणं मात्र खरोखर वाईट. शून्य अंशाखाली आयन ग्राफाइटच्या आत शिरायला कचरतात आणि पृष्ठभागावरच धातू होऊन साचू लागतात. हे सगळं सांगून झाल्यावर माझं मत असं, की टक्केवारी बघत जगू नये. उष्णता टाळावी, ८० टक्क्यांचं सेटिंग रोजच्या दिवसाला पुरत असेल तर सुरू ठेवावं आणि प्रवासाच्या दिवशी खुशाल १०० करावं. बॅटरी ही शेवटी बदलायचीच वस्तू आहे.

आता पुन्हा ‘स्लो’कडे. थर जाड होतो तसा बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा आतला अडथळा, वाढतो. कॅमेरा उघडला किंवा गेम सुरू झाला की प्रोसेसर एकदम जास्त प्रवाह मागतो. रोध जास्त असेल तर त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि ३० टक्के दाखवणारा फोन अचानक बंद पडतो. थंडीत तर हमखास. ॲपलने २०१७ मध्ये यावर एक उपाय केला: थकलेली बॅटरी असलेल्या आयफोनचा प्रोसेसर गरजेप्रमाणे मंद करायचा. अभियांत्रिकीच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता, पण ग्राहकाला तो नीट सांगितला गेला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये फोनच्या वेगाच्या चाचण्यांवरून प्रकरण उघड झालं, कंपनीला माफी मागावी लागली, बॅटरी बदलण्याची किंमत उतरवावी लागली आणि २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड केला. तोवर कित्येकांनी नवा फोन घेऊन टाकला असणार. नव्या बॅटरीने त्यांचा जुनाच फोन पुन्हा धावला असता.

मंदपणाचं दुसरं कारण स्टोरेजमध्ये असतं, आणि फोनचं स्टोरेज म्हणजे फ्लॅश मेमरी. तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात ती शोधली. तिच्यात माहिती म्हणजे विद्युतरोधकाने वेढलेल्या कप्प्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन. लिहिताना आणि पुसताना त्यांना त्या रोधकातून जबरदस्तीने आत-बाहेर करावं लागतं, आणि दर खेपेला रोधक किंचित खराब होतो. एका कप्प्यात तीन बिट ठेवणाऱ्या आजच्या मेमरीला अशा काही हजार खेपा झेपतात. मेमरीचा कारभार बघणारा फोनमधला कंट्रोलर लेखन सगळीकडे सारखं वाटून देतो, त्यामुळे सर्वसाधारण वापरात मेमरी झिजून मरण्याआधी फोनचं दुसरंच काहीतरी बिघडतं.

झिजेपेक्षा जाच होतो तो गर्दीचा. फ्लॅशमध्ये जुन्या मजकुरावर थेट लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसायचं ते एकदम मोठ्या ब्लॉकमध्ये. स्टोरेज गच्च भरलेलं असेल तर एक छोटा फोटो ठेवण्यासाठीही कंट्रोलरला ब्लॉकमधला जिवंत मजकूर दुसरीकडे हलवावा लागतो, मग पुसायचं, मग लिहायचं. फोन अडखळतो तो अशा वेळी. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवली की फरक दिसतो. त्यात ॲपही दर वर्षी जड होत जातात, त्याचा दोष मात्र जुन्या फोनला देऊ नये.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. ओलेड पडद्यावर प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि उजळताना त्यातले सेंद्रिय रेणू झिजतात. निळ्या प्रकाशाचे फोटॉन सर्वांत जास्त ऊर्जेचे, म्हणून पिक्सेलमधले निळे ठिपके (उपपिक्सेल) आधी थकतात. तासन्‌तास एकाच जागी उजळणाऱ्या चिन्हांचे डाग पडतात ते यामुळेच. प्रखरता कमी ठेवणं यापलीकडे फारसं काही करता येत नाही. काचेवर ओरखडे येतात ते खिशातल्या किल्ल्यांमुळे नव्हे, तर धुळीतल्या वाळूमुळे. वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं. आणि नवा असताना पाण्यात टिकणारा फोन चौथ्या वर्षीही टिकेल असं धरून चालू नये, कारण पाणी अडवणारा गोंद आणि रबर दोन्ही वयानुसार सैल पडतात.

इतकं सगळं सांभाळूनही फोन निकामी होऊ शकतो, आणि हे वय फोनच्या आत नसतंच. एखादं संकेतस्थळ खरं की तोतया हे ब्राउझर डिजिटल प्रमाणपत्रावरून ठरवतो आणि त्यासाठी लागणारी मूळ प्रमाणपत्रं फोनमध्ये आधीच भरलेली असतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी त्यातल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेची मोफत प्रमाणपत्रं वापरणारी असंख्य संकेतस्थळं त्यावर विसंबून होती, आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनना नवं मूळ प्रमाणपत्र ठाऊकच नव्हतं. धडधाकट फोनवर इंटरनेटचा मोठा भाग एका दिवसात बंद पडायचा. वाचवलं एका जुन्या सवयीने: अँड्रॉइड मूळ प्रमाणपत्राची मुदत तपासतच नाही. त्याचा आधार घेऊन आणखी तीन वर्षं निभावून नेण्यात आली.

सुरक्षा अपडेट थांबणं हेही असंच. फोन चालत राहतो, पण नव्याने सापडलेल्या त्रुटी त्यात उघड्याच राहतात. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस२४ साठी सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नव्या फोनच्या बॅटरीत ८०० आवर्तनांनंतर किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश भाग वापरात नाही तर तो बनवतानाच होतो, हे लक्षात घेतलं तर नव्या फोनच्या जाहिरातीत कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा अपडेटची शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत हवी.

अपडेट संपलेला फोन बँकेच्या कामाला वापरू नये. गाणी ऐकायला, घरात कॅमेरा म्हणून किंवा टेबलावरचं घड्याळ म्हणून तो अजून बरीच वर्षं चालतो. नुसता कपाटात ठेवायचा असेल तर साधारण अर्धा चार्ज करून बंद करावा. कायम चार्जरला जोडून ठेवायचा असेल तर ८० टक्क्यांची मर्यादा आधी लावावी, कारण सतत पूर्ण भरलेल्या बॅटरीत इलेक्ट्रोलाइटच्या विघटनाने वायू साचतो आणि फोनची पाठ उचलली जाते. तसं दिसलं तर फोन पुन्हा चार्ज करायचा नाही, बॅटरी दाबायची किंवा टोचायची नाही, दुरुस्तीवाल्याकडून काढून घेऊन ई-कचरा केंद्रात द्यायची. फोन नव्या बॅटरीवर तसाच पुढे वापरता येतो.