चांगली बुरशी वेगळी, वाईट बुरशी वेगळी? असं नसतं हो

कामाची बुरशी वेगळ्या खानदानातली आणि विषारी वेगळ्या, असं कित्येक वर्षं ऐकतोय आपण, पण जिनोम, म्हणजे त्यांचा सगळा डीएनए, शेजारी शेजारी ठेवून बघितले की हे टिकतच नाही. सोया सॉस आणि साके ही जपानी दारू ज्या बुरशीने बनतात ती अ‍ॅस्परजिलस ओरायझी, आणि मका-शेंगदाण्यावर हिरवट पिवळी भुकटी धरून अफ्लाटॉक्सिन हे लिव्हरचा कॅन्सर करणारं विष सोडते ती अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, या दोघींचा डीएनए जवळपास सारखाच आहे! ओरायझीचा जिनोम 2005 मध्ये प्रसिद्ध झाला, साधारण 12 हजार जीन्स, आणि त्यात विष बनवणाऱ्या जीन्सचा गठ्ठासुद्धा सापडला, फक्त तो बंद पडलेला, काही स्ट्रेनमध्ये, म्हणजे एकाच बुरशीच्या वाणांमध्ये, तर त्याचा मोठा तुकडाच गायब. माणसाने शेकडो वर्षं सांभाळून, निवडून वाढवली म्हणून ती अशी झाली, मुळात फ्लेव्हसच्याच घरातली.

उलटही आहे बरं का, फ्लेव्हसच्या एएफ36 स्ट्रेनमध्ये एका जीनमधलं डीएनएचं एकच अक्षर बदललंय आणि तेवढ्याने विष बनणं थांबलं, म्हणून ती मुद्दाम शेतात सोडतात, विषारी भावंडांची जागा अडवायला.

आणि प्लीज, नुसता रंग बघून बुरशी लागलेलं काही खाऊ नका, हा फरक डोळ्यांना दिसत नाही.