जुनाट पायव्रणांवरील जनुकोपचाराची चाचणी

घोट्याच्या आसपास किंवा तळपायाला महिनोन्‌महिने ओली राहणारी जखम म्हणजे जुनाट पायव्रण. शिरांत साचणारे रक्त, मधुमेह आणि अरुंद झालेल्या धमन्या ही त्याची नेहमीची कारणे; विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही तपासावा लागतो. व्रणातून पाझरणारी विकरे (एन्झाइम) पेशीवाढीची प्रथिने तोडून टाकतात, त्यामुळे वरून लावलेले प्रथिन फार टिकत नाही. म्हणून जनुकोपचारात ते प्रथिन बनवणारे जनुकच ॲडिनोव्हायरस (जनुक वाहून नेणारा विषाणू) किंवा प्लाझ्मिड (डीएनएचे छोटे कडे) यांमधून व्रणाच्या कडेला टोचतात किंवा जेलमधून लावतात. मग तिथल्याच पेशी काही दिवस प्रथिन बनवत राहतात.

चाचणीचा कस मात्र औषधाआधी लागतो. पहिले दोन आठवडे फक्त नेहमीचे उपचार: मेलेला भाग खरवडणे, ड्रेसिंग आणि शिरांचा व्रण असेल तर घोट्याशी सुमारे ४० मिमी पारा दाब देणारी थरांची पट्टी. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.८ च्या खाली असल्यास एवढी घट्ट पट्टी बांधत नाहीत. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हे गुणोत्तर खोटे चांगले दिसते. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब घेतात. एवढ्यानेच व्रण ३०-४० टक्के आटला, तर रुग्ण चाचणीतून वगळला जातो. नाहीतर पट्टीचे श्रेय जनुकाच्या खात्यावर जमा होते. खूप जुन्या व्रणाच्या कडेचा तुकडा कर्करोगासाठी आधीच तपासतात, कारण वाढीचे जनुक गाठीलाही खतपाणी घालू शकते.

मोजमाप लांबी गुणिले रुंदी असे करू नये. ६ × ४ सेंमीचा लंबगोल व्रण गुणाकाराने २४ चौसेंमी भरतो, प्रत्यक्षात जेमतेम १९. पारदर्शक कागदावर कड गिरवून घ्यावी. ‘भरला’ म्हणायचे तर पूर्ण कातडी, स्राव नाही, ड्रेसिंगची गरज नाही, आणि हेच दोन आठवड्यांनी पुन्हा दिसायला हवे.

नागपुरात अशी चाचणी आखताना मे महिना धरूनच चालावे. ४५ अंशांत पट्टीखाली पाय उबतो, खाजतो. रुग्ण ती दुपारी सोडतो आणि तपासणीच्या सकाळी पुन्हा गुंडाळतो. थरांवरून शाईची एक उभी रेघ ओढून ठेवली की चोरी कळते, कारण रेघ परत जुळत नाही. गडचिरोली-गोंदियाहून मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत येणारा माणूस धानाच्या रोवणीच्या दिवसांत फेरी चुकवणारच. भारतात चाचणीची सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतील नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे.

रक्तपुरवठा खुंटलेल्या पायांवरील ५२५ रुग्णांच्या चाचणीत (२०११) एफजीएफ या वाढीच्या प्रथिनाचे जनुक असलेल्या प्लाझ्मिडने पाय कापणे वा मृत्यू यांत घट झाली नाही. जपानने २०१९ मध्ये एचजीएफ या तशाच दुसऱ्या प्रथिनाच्या प्लाझ्मिडला सशर्त मान्यता दिली; पुढे आधीचा परिणाम पुन्हा दिसला नाही आणि २०२४ मध्ये कंपनीने पूर्ण मान्यतेचा अर्ज मागे घेतला.